फेरतपासणी कुठे: ऑपरेशन झालं तिथे, जवळच्या डॉक्टरांकडे की व्हिडिओ कॉलवर?

अपघातात हाड मोडून ऑपरेशन झालं, की डिस्चार्जच्या कागदावर 'दोन आठवड्यांनी दाखवायला या' एवढंच असतं. इकडे पाय प्लास्टरमध्ये, गाडी चालवता येत नाही, सोबत येणाऱ्याला रजा काढावी लागते. त्यात दुखणंही उतरलेलं असतं. मला विचाराल तर लांबच्या रस्त्यापेक्षा हे 'आता बरं वाटतंय'च जास्त तारखा बुडवतं.

ऑपरेशन झालेल्या ठिकाणी जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तरी पहिली खेप तिथेच करावी. हाडाचा किती चुरा झाला होता, ते कसं बसवलं, हे त्याच डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जुळवलेलं हाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सरकू शकतं आणि वरून ते कळेलच असं नाही, एक्स-रेमध्ये दिसतं. तेव्हाच सापडलं तर दुरुस्ती सोपी. वाकडं जुळून गेल्यावर कधीकधी ते पुन्हा तोडून बसवावं लागतं.

टाके काढायला (हातापायांचे साधारण 10 ते 14 दिवसांत) किंवा ड्रेसिंगला जवळचे डॉक्टर पुरतात, पण आधी सर्जनला विचारून घ्या. फिजिओथेरपी तर जवळच हवी. आठवड्यातून दोन-तीनदा लांब जाणं फार दिवस निभत नाही आणि सांधा आखडतो. इथली अडचण वेगळी: दुसऱ्याने केलेल्या केसला हात लावायला काही डॉक्टर कचरतात. डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोंद आणि आधीचे एक्स-रे सोबत न्या. नुसता रिपोर्ट नको. जुनी फिल्म शेजारी धरल्याशिवाय फरक कळत नाही.

व्हिडिओ कॉल गोळ्यांच्या शंका विचारायला, रिपोर्ट दाखवायला ठीक. सांधा किती वळतो याचा अंदाज येतो, पण दाबून कुठे दुखतं ते कॅमेऱ्यातून कसं कळणार? पोटरी एकाएकी सुजली, तर रक्ताची गुठळी आहे का हे प्रत्यक्षच तपासावं लागतं. डोक्याला मार लागला असेल, तर कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देतं. वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

एका बाबतीत मात्र मी व्हिडिओला झुकतं माप देईन. अपघातानंतर काहींना गाडीत बसायचीच धास्ती वाटते, झोपेत तेच दिसतं. अशा माणसाला समुपदेशनासाठीसुद्धा गाडीनेच या म्हणणं म्हणजे कमालच झाली. ते घरून सुरू होऊ शकतं.

तरी ठरत नसेल तर दवाखान्यात फोन करून विचारा: "या वेळी नेमकं काय बघणार?" उत्तर 'एक्स-रे' किंवा 'हात लावून बघू' असं आलं, तर कॉलवर भागणार नाही. त्याच फोनवर एक्स-रे आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी मागून घ्या. तारीख हुकली असेल तरी हाच फोन करा. ओरडा बसेल, पण पुढची तारीखही मिळेल.