टोपी घरी धुताना: मशीन की हात, ब्लीच की सोडा?

आमच्या लातूरच्या घरात खुंटीवर दोन तऱ्हेच्या टोप्या लटकतात. अप्पांची पांढरी सुती टोपी आणि पोराची क्रिकेटची कॅप. पारा 40 अंशांच्या पुढं गेला की चार दिवसांत दोन्हींची कपाळावरची पट्टी खराब होते. पण दोन्ही एकाच पद्धतीनं धुतल्या तर एक तरी वाया जाते.

आधी डाग ओळखा. पांढरट रेघा म्हणजे घामातलं मीठ; ते साध्या पाण्यात अर्धा तास भिजवलं की निघतं, साबण लागतच नाही. काळपट, चिकट कड म्हणजे खोबरेल तेल आणि धूळ. कपड्यांच्या पावडरीपेक्षा तिथं भांडी घासायचं लिक्विड जास्त कामाला येतं. दोन थेंब पट्टीवर चोळा, दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशनं हलकं घासा.

कॅपसाठी मशीन की हात? मी हातच म्हणेन. मशीनमध्ये कष्ट वाचतात, पण बाकीच्या कपड्यांच्या भाराखाली पुढचा कडक भाग मुडपतो आणि तो पुन्हा सरळ करणं अवघड. जुन्या कॅपमध्ये तर आत पुठ्ठा असतो, भिजला की फुगतो. शंका असली तर कॅप बुडवूच नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. शिवाय हातानं अर्ध्या बादलीत काम होतं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, ते दिवस पाहिलेल्या माणसाला अर्धी बादलीही मोठी वाटते. मशीनच वापरायची असेल, तर कॅप जाळीच्या पिशवीत घाला, गार पाणी घ्या आणि ड्रायर बंद ठेवा.

पांढऱ्या टोपीचा प्रश्न वेगळा आहे. पिवळेपणा दिसला की हात आधी ब्लीचकडं जातो, आणि खरी चूक तिथंच होते. क्लोरीनचं ब्लीच घामाच्या डागावर कधीकधी उलटतं, पिवळेपणा वाढतो. वारंवार वापरलं तर सूतही कमजोर होतं. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. ऑक्सिजनवाली, म्हणजे क्लोरीन नसलेली ब्लीच पावडर कोमट पाण्यात घालून तासभर भिजवणं महाग पडतं, पण सुती टोपीला तेच चांगलं.

स्वस्तातला उपाय हवा असेल तर धुण्याचा सोडा. खायचा सोडा त्यापुढं फार सौम्य आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा राखाडी थर कापडावर बसतो. टोपी दर धुण्याला मळकट दिसते, त्यामागं बऱ्याचदा हाच थर असतो. धुण्याचा सोडा पाण्यातले हे क्षार खाली बसवतो. अर्ध्या बादलीला एक चमचा पुरे. पण तो लोकरीच्या माकडटोपीला लावू नका. ती गार पाण्यात, न चोळता, नुसती दाबून धुवायची, नाहीतर आकसते.

वाळवतानाही फरक आहे. पांढरी टोपी खुशाल उन्हात टाका, उन्हानं ती उजळते. रंगीत कॅप सावलीत, पालथ्या वाडग्यावर किंवा छोट्या पातेल्यावर चढवून ठेवा, म्हणजे गोलाई टिकते. दोरीवर लोंबकळत ठेवली तर चिमट्याची खूण पडते.

अप्पांच्या टोपीला शेवटच्या पाण्यात थोडी नीळ आणि भाताच्या पेजेची खळ लागते. खळ पातळ आणि गाळून घ्या, शितं राहिली की इस्त्रीला चिकटतात. टोपी पूर्ण वाळू न देता, दमट असतानाच इस्त्री फिरवा. घडी धारदार बसते.