वाइमेआ दरी, ओआहू: तिकीट धबधब्याचं, पाहायचं ते वाटेवरचं

हवाईतल्या ओआहू बेटावर, होनोलुलूला जाणाऱ्यांच्या यादीत वाइमेआ दरी बहुतेक वेळा ‘नॉर्थ शोअरवरचा धबधबा’ म्हणून येते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. धबधबा जेमतेम 45 फुटांचा आहे. श्रावणात सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात रस्त्याकडेला याहून मोठे सापडतात, तेही फुकट. इथे बाहेरच्या प्रौढ माणसाला 25 डॉलरच्या घरात तिकीट पडतं (दर वाढत असतो, निघण्याआधी दरीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या; हवाईच्या रहिवाशांना आणि मुलांना कमी). त्यामुळे तासाभरात धबधबा, फोटो आणि परत असा बेत असेल तर पैसे वसूल होत नाहीत. तीन तास काढलेत आणि वाटेवर थांबत थांबत गेलात, तर मात्र ओआहूवर या पैशात याहून चांगलं काही मिळणं अवघड.

आधी जाण्याचं. होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यापासून अंतर साधारण 35 मैल; एच-2 महामार्गाने वाहिआवापर्यंत, मग हालेइवा गावावरून कामेहामेहा हायवे. गाडीने तासभर तरी लागतो. हालेइवाच्या पुढे रस्ता दोनच पदरी आहे, त्यामुळे पुढे एक गाडी वळायला थांबली की मागची सगळी रांग थांबते. दरी सकाळी 9 ते दुपारी 4 उघडी असते, सोमवारी बहुधा बंद. वायकीकीतून साडेसातला निघालात तर फाटक उघडताना पोचता. गाडी फाटकाच्या आतल्या तळावरच लावा. समोरच्या वाइमेआ बे किनाऱ्याचा तळ छोटा आहे आणि सकाळीच भरतो. बसने यायचं तर 60 नंबर दरीच्या तोंडाशी थांबते, पण ती कानेओहेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत येते. होनोलुलूतल्या अला मोआनाहून दोन तासांच्या वरच धरा. 52 ने हालेइवाला येऊन तिथे 60 पकडणं हा दुसरा रस्ता.

हिवाळ्यातली एक अडचण आधीच माहीत असावी. डिसेंबर ते मार्च दरीसमोरच्या वाइमेआ बे खाडीत प्रचंड लाटा उठतात. लाटांची उंची 40 फुटांपर्यंत जाईल अशी लक्षणं दिसली की एडी आइकाऊ या जीवरक्षकाच्या नावाने होणारी सर्फिंगची स्पर्धा जाहीर होते. कित्येक वर्षं ती होतच नाही. 2023 च्या जानेवारीत झाली, 2024 च्या डिसेंबरात झाली. ज्या दिवशी होते, त्या दिवशी दरीकडे फिरकू नका. सगळं बेट त्या एका रस्त्यावर उतरलेलं असतं.

गाडीतून उतरल्यावर लोक तडक तिकीटखिडकीकडे जातात, त्यामुळे तळाला लागूनच असलेलं हाले ओ लोनो बहुतेकांचं सुटतं. हे हेइआऊ, म्हणजे दगडी भिंतींनी आखलेलं देवस्थान. आत नैवेद्य ठेवायचा उंच लाकडी मंच आहे. लोनो हा पाऊस, शेती आणि सुबत्तेचा देव. त्याचा मोसम ‘माकाहिकी’ सुरू व्हायचा तो सूर्य मावळताना पूर्वेला ‘माकालिई’ उगवलेल्या दिसल्या की. माकालिई म्हणजे आपल्या कृत्तिका. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे सुमारे चार महिने लढाया बंद, सारा गोळा करायचा आणि खेळ खेळायचे. भिंतीच्या आत पाऊल टाकायचं नाही, दगड हलवायचा नाही, दगडावर दगड रचून ठेवायचा नाही. पानात गुंडाळलेला दगड ठेवून जाणं ही पर्यटकांनी काढलेली टूम आहे, तिला इथे काही परंपरा नाही.

‘पवित्र दरी’ हे विशेषण माहितीपत्रकातलं नाही. कित्येक शतकं ही दरी काहुना नुईंच्या, म्हणजे मुख्य पुरोहितांच्या ताब्यात होती. काहुना म्हणजे नुसता पूजा सांगणारा भटजी नव्हे. नावा बांधणारा, औषधं जाणणारा, ताऱ्यांवरून दिशा सांगणारा असा प्रत्येक विद्येतला जाणकार काहुनाच. वाइमेआचा एक काहुना, काओपुलुपुलु, हा ओआहूच्या काहाहाना राजाचा सल्लागार होता. त्याच राजाने त्याला मारवलं, आणि लगेच 1783 मध्ये माउई बेटाच्या काहेकिली राजाने ओआहू जिंकून घेतलं. शेवटचा मोठा काहुना हेवाहेवा. 1819 साली हवाईचा राजा पहिला कामेहामेहा वारला आणि त्याच्या मुलाने बायकांच्या पंगतीला बसून जेवून जुने निर्बंध मोडले. त्या वेळी देवळांच्या मूर्ती जाळायला पुढे झाला तो हाच, राज्याचा मुख्य पुरोहित. तोवर एकही मिशनरी बेटांवर उतरला नव्हता. ते आले 1820 मध्ये. हेवाहेवा नंतर याच दरीत राहायला आला आणि 1837 मध्ये वारला. इतकं सगळं माहीत असून दरीतल्या पाट्यांवर ते दोन-तीन ओळींतच उरकलंय. ही या जागेची मोठी उणीव. खिडकीवर त्या दिवशी मार्गदर्शकासोबतची फेरी आहे का, ते विचारा. असेल तर चुकवू नका.

आता मुख्य वाट. तिकीटखिडकीपासून धबधब्यापर्यंत पाऊण मैल, म्हणजे सव्वा किलोमीटर. सगळी डांबरी, चढ हलका. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जाते, फक्त एक-दोन ठिकाणी ढकलणाऱ्याचा दम निघतो. वेगळे पैसे देऊन छोटी गाडीही मिळते. ज्येष्ठ मंडळींसोबत असाल तर गाडी जाताना घ्या आणि येताना उतारावरून चालत या. उलटं केलंत तर बागेत रेंगाळायचं त्राण उरत नाही. खरी बाग डांबरी वाटेवर नाही, तिला फुटणाऱ्या कच्च्या पायवाटांवर आहे. नकाशा खिडकीवर मागून घ्या. या आडवाटांवर पावसानंतर तांबडा चिखल असतो. वाइमेआ म्हणजेच तांबूस पाणी: ‘वाइ’ गोडं पाणी, ‘मेआ’ तांबूस. कारण आपल्या ओळखीचंच. ज्वालामुखीचा काळा बसाल्ट दमट हवेत कुजून लोहाची लाल माती होते, कोकणात झाली तशी. फरक वयाचा. दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, ओआहूचा तीस-चाळीस लाखांच्या आतबाहेरचा. तो चिखल पांढऱ्या बुटांवरून जात नाही.

बागेत पाच हजारांवर प्रकारच्या वनस्पती आहेत आणि त्या मुलखाप्रमाणे लावल्यात: ग्वाम, ओगासावारा, मादागास्कर असे वाफे लागत जातात. पण कोकणातल्या माणसाला खरी गंमत वाटेल ती हवाईच्या विभागात. आठशे-हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक जोडनावांतून इथे आले, ते खाण्यापिण्याची रोपं बरोबर घेऊनच. ती रोपं एकेक करून बघत जा: ‘कालो’ म्हणजे अळू, ‘ओलेना’ म्हणजे हळद, ‘उलु’ म्हणजे निरफणस, ‘नोनी’ म्हणजे बारतोंडी, ‘कामानी’ म्हणजे उंडी, ‘मिलो’ म्हणजे समुद्रकाठची भेंडी, ‘निऊ’ म्हणजे माड. परक्या देशातल्या बागेत शिरावं आणि परसातलीच झाडं निघावीत, तसं होतं. ‘कुकुई’ हे मात्र बघून ठेवा. चंदेरी झाक असलेलं पान, अक्रोडासारखं कठीण फळ. त्याचे तेलकट गर माडाच्या हिरात ओवून वरचा गर पेटवायचा. तो जळत संपला की खालचा पेट घेतो. तीच त्यांची पणती.

कालोच्या वाफ्यापाशी मात्र पाच मिनिटं जास्त द्या. हवाईयन कथेत वाकेआला, म्हणजे आकाशपित्याला, झालेलं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथून कालो उगवला. त्यानंतर झालेला भाऊ हालोआ, त्याची संतती म्हणजे हवाईची माणसं. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. आपण अळूची पानं फदफद्याला आणि वड्यांना घेतो, तर हवाईयन लोक त्याच्या कंदावर जगले: उकडून, दगडी वरवंट्याने कुटून, पाणी घालून केलेली जांभळट ‘पोई’. खाजेचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच, कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. आपण चिंच किंवा आमसूल घालतो. तिथे बराच वेळ शिजवत ठेवतात. शाकाहारी माणसाने बेटावर कुठेही एक गोष्ट लक्षात ठेवावी: ‘लाऊलाऊ’ दिसायला पानात गुंडाळलेली भाजी वाटते, पण आत बहुधा डुकराचं मांस असतं. पोई मात्र बिनघोर खा.

बागेची खरी कमाई म्हणजे ‘कोकिआ कुकेई’, मोलोकाई बेटावरचं कापसाच्या कुळातलं झाड. लाल फुलं येतात. त्याचं उरलेलं एकमेव झाड 1978 मध्ये आगीत गेलं. आधी काढून ठेवलेल्या फांदीचं कलम इथे, वाइमेआच्या बागेत, कावाई बेटावरच्या जवळच्या जातीच्या खुंटावर बांधलं गेलं. पुढे कित्येक वर्षं ही जात स्वतःच्या मुळांवर नव्हे, अशा कलमांवर जगली. हापूसची कलमं बांधणाऱ्याला यातली जोखीम सांगायला नको. खुंट मेला की जात मेली.

कमळांच्या तळ्यापाशी आवाज न करता उभे राहा. कोंबडीसारखी मान पुढेमागे हलवत पाण्याच्या कडेने फिरते ती ‘अलाए उला’, हवाईची पाणकोंबडी. काळसर अंग, कपाळावर लालभडक ढाल, चोचीचं टोक पिवळं. आता ती फक्त ओआहू आणि कावाईवर उरली आहे. अग्नीचं गुपित या पक्ष्याकडे होतं, माउई देवाने ते तिच्याकडून उकळलं आणि रागाने तिचं कपाळ घासलं, म्हणून ते लाल, अशी कथा आहे. आज तिचा वैरी वेगळाच, आणि तो मूळचा आपल्याकडचा: मुंगूस. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला 1883 मध्ये जमैकाहून आणले, जमैकात गेले होते ते भारतातून. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर राहिले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी गेली. तळ्यात खाऊ टाकू नका. त्याने मुंगूस आणि मोरच गोळा होतात.

धबधब्याबद्दल आता सांगायला हरकत नाही. डोहात पोहता येतं, पण जीवरक्षकांनी परवानगी दिली तरच. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे आणि तिथेच मिळतं. कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी सुटका नाही. वरून उडी मारायला बंदी आहे. पोहणं बंद होण्याची कारणं ठरलेली आहेत: डोंगरमाथ्यावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा अचानक फुगतो, कड्यावरून दगड सुटतात, किंवा पाणी गढूळ होऊन तळ दिसत नाही. पोहणं बंद असलं तरी तिकीट तेवढंच, म्हणून पैसे देण्याआधी खिडकीवर ‘आज डोह उघडा आहे का’ एवढं विचाराच. हिवाळ्यात तो बंद असण्याची शक्यता जास्त. उन्हाळ्यात उघडा असतो, पण धार बारीक. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. या ओढ्यांत लेप्टोचे जंतू असू शकतात, आणि लेप्टो काय चीज आहे हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. काठचे दगड शेवाळलेले आहेत, रबरी तळव्याच्या पाणबुटांशिवाय घसरायला होतं. डास भरपूर. मलम खिडकीपाशीच लावून घ्या.

ओढ्याच्या उथळ पाण्यात दगडाला चिकटलेला बोटभर मासा दिसला तर तो ‘ओओपू’ असू शकतो. हवाईत गोड्या पाण्यातले मूळचे मासे पाचच, त्यांतल्या चौघांचे पोटाखालचे पर जुळून वाटीसारखी चोषणी झालेली असते. पिल्लं ओढ्यात जन्मतात, वाहत समुद्रात जातात, काही महिन्यांनी परत गोड्या पाण्याकडे वळतात, आणि त्यांतल्या काही जाती त्या चोषणीने धबधब्याचा ओला कडा चढून जातात. म्हणून डोंगरापासून समुद्रापर्यंतचा पट्टा एकच मानायची जुनी ‘अहुपुआआ’ पद्धत निव्वळ सारावसुलीची सोय नव्हती. ओढा मध्येच अडला तर वर मासा पोचतच नाही.

हा पट्टा आज अखंड आहे तोही थोडक्यात वाचलेला. मधल्या काळात दरीचा ‘वाइमेआ फॉल्स पार्क’ झाला होता: कड्यावरून सूर मारणाऱ्यांचे खेळ, चारचाकी गाड्यांच्या फेऱ्या. 2005 च्या अखेरीस दरीचा वरचा मोठा भाग खासगी मालकाकडे राहील अशी तडजोड पुढे आली होती; लोकांनी विरोध केला आणि होनोलुलू शहराच्या कौन्सिलने ती फेटाळली. 2006 मध्ये 1.4 कोटी डॉलर जमवून सुमारे 1,875 एकर दरी घेतली गेली आणि ती हवाईयन लोकांच्या हिताचं पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्सच्या नावावर झाली. 2008 पासून तिचीच हिइपाका ही कंपनी कारभार पाहते. तिकीट महाग वाटलं तर ही बाग, हे वाफे आणि भिंती त्यावर चालतात, हे ध्यानात असू द्या.

दुपारी परतताना लगेच होनोलुलूचा रस्ता धरू नका. पुपुकेआच्या फूडलँड दुकानापाशी डोंगराकडे वळा आणि वरच्या फाट्याने पुऊ ओ माहुका गाठा. ओआहूवरचं हे सगळ्यात मोठं हेइआऊ, जवळजवळ दोन एकर, दगडी भिंतींचे तीन चौक. 1962 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. तिकीट नाही, सावली नाही, प्यायचं पाणी नाही. टोकावरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला सकाळभर पायाखाली घातलेली दरी अख्खी दिसते. गाडीत दिसेल असं काही ठेवू नका, काचा फोडून चोऱ्या होतात.