मैत्रिणीच्याच नंबरवरून आलेला निरोप

परदेशात राहणाऱ्या आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या मंडळींनी हे वाचावंच, पण त्याहून जास्त त्यांच्या भारतातल्या भावंडांनी, भाचरांनी आणि वर्गमित्रांनी वाचावं. ओळखीच्या नंबरवरून, ओळखीच्या भाषेत, खऱ्या आजारपणाचा हवाला देऊन माझ्याकडून पैसे काढून घेतले गेले. नंबर बनावट नव्हता. फोटो चोरून उघडलेलं खोटं खातंही नव्हतं. व्हॉट्सॲप माझ्या बालमैत्रिणीचंच होतं आणि तिचा फोन त्या वेळी तिच्याच घरात चार्जिंगला लावलेला होता.

अनोळखी मेसेजला उत्तर देऊ नका, ओटीपी सांगू नका, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं काहीच इथे उपयोगी पडलं नाही, कारण इथे अनोळखी असं कुणी नव्हतंच.

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहते. उभं आयुष्य इकडेच गेलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं माहेरची खबर एरोग्रामवरून यायची, तीही शिळी होऊन. मग कधीतरी शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि वर्गातली माणसं पुन्हा रोजच्या बोलण्यात आली. कुणाचा गुडघा बदलला, कुणाची नात कुठल्या कॉलेजात लागली, कुणाला दवाखान्यात नेलं, हे मला आता तिथल्या शेजाऱ्यांच्या आधी कळतं. एवढ्या लांब राहून आपल्या माणसांच्या सुखदुःखात असता येणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून ‘या वयात हे मोबाइलचे नाद हवेत कशाला’ असं कुणी म्हणालं की मला ते मुळीच पटत नाही. माणसं सोडायची नाहीत. चोरांची पद्धत मात्र नीट समजून घ्यायची.

तो मेसेज आला तेव्हा इथे दुपारचे तीन वाजत होते, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेबारा. मेसेज असा होता:

‘बयो, आहेस का गं? ह्यांना परत ॲडमिट केलंय. छातीत दुखायला लागलं. मुलगा विमानात आहे, फोन लागत नाही. डिपॉझिट भरल्याशिवाय पुढचं काही करत नाहीत. माझं नेट बँकिंग लॉक झालंय. दोन लाख टाकशील? परवा परत करते. ग्रुपवर बोलू नकोस, उगाच सगळे घाबरतील.’

मला बयो म्हणणारी ती एकटीच. तिच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली होती. मुलगा कामानिमित्त परदेशी निघाल्याचं तिनं त्याच आठवड्यात मला लिहिलं होतं. नेट बँकिंगचा पासवर्ड चुकून खातं बंद पडण्याचे प्रकारही तिच्याकडे नेहमीचे, त्यावर आमचं बोलणंही झालेलं. मेसेजमधलं प्रत्येक वाक्य आमच्या जुन्या गप्पांतून उचललेलं होतं. ग्रुपवर बोलू नकोस, एवढं एकच वाक्य चोरांचं स्वतःचं होतं, आणि सगळी मेख त्यातच होती.

मी लगेच फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पाठोपाठ मेसेज आला, ‘आयसीयूच्या दारात आहे गं, बोलता येत नाही.’ आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या बाईला पुन्हा पुन्हा फोन करून कोण त्रास देईल? भारतातल्या माझ्या एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या खात्यातून, मी आयएमपीएस या बँकांच्या सोयीनं पैसे पाठवायला घेतले. खातं मुलाच्या ‘ऑफिसमधल्या मित्राचं’ होतं, तो म्हणे हॉस्पिटलात पैसे घेऊन येणार होता. नव्यानं जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी पन्नास हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असा माझ्या बँकेचा नियम आहे. त्या नियमानं माझे दीड लाख वाचले. आयएमपीएस दिवसरात्र चालतं आणि पैसे काही क्षणांत पोचतात. अडीनडीला त्याचा आधार वाटतो तो याचमुळे, आणि चोरांनाही ते सोयीचं पडतं ते याचमुळे.

उरलेले पैसे इकडच्या एखाद्या ॲपवरून पाठव, असा तगादा संध्याकाळपर्यंत चालू होता. रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी सहाला, मैत्रिणीचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा. म्हणाली, ‘रात्री फोन केला होतास का गं? मिस्ड कॉल दिसतोय. बरी आहेस ना?’ मी विचारलं, ‘ह्यांचं कसं आहे?’ ‘ह्यांचं काय? फिरायला गेलेत.’

तिच्या फोनवर आमच्या संवादात त्या रात्रीचं एक अक्षर नव्हतं. माझ्या फोनवर मात्र सगळंच्या सगळं होतं. दोघींनाही काही उलगडेना. तिच्या भाच्यानं येऊन फोन हातात घेतला, तेव्हा प्रकार उघडकीस आला.

आठवड्यापूर्वी तिला एका जुन्या वर्गमित्राकडून मेसेज आला होता, ‘तुझा शाळेतला फोटो सापडला, बघ.’ खाली लिंक. त्या मित्राचं खातं आधीच चोरांच्या हातात गेलेलं होतं. लिंक दाबल्यावर एक पान उघडलं, त्यानं फोटो दाखवण्याआधी ‘खात्री करण्यासाठी’ मोबाइल नंबर मागितला आणि अक्षरं-आकडे मिळून आठ चिन्हांचा एक कोड दाखवला. तेवढ्यात तिच्या व्हॉट्सॲपवर सूचना आली, तिथे तिनं तो कोड भरला. शाळेतला फोटो म्हटल्यावर आमच्या वयाचं कोण थांबेल? तो कोड होता नवं उपकरण जोडण्याचा. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वापरण्यासाठी कंपनीनं दिलेली ही रीतसर सोय आहे, मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर तेच खातं चालवता येतं. त्या चारांपैकी एक जागा चोरानं घेतली.

ओटीपी चोरून खातं दुसऱ्या फोनवर नेलं, तर मालकाचं व्हॉट्सॲप बंद पडतं आणि त्याला लगेच कळतं. इथे तसं काही होत नाही. मालकाचा फोन नेहमीसारखा चालू राहतो आणि दुसरीकडे कुणीतरी तेच सगळं वाचत बसलेलं असतं. जोडताना मागचे बरेच संवादही तिकडे उतरतात. म्हणजे कोण कुणाला काय हाक मारतं, कोण आजारी आहे, कोणाची मुलं परगावी आहेत, कोण परदेशात आहे आणि कोणाचे पैसे भारतातल्या खात्यात आहेत, हे सगळं त्यांना बसल्या जागी मिळतं. त्यांनी केलेले मेसेज ‘फक्त माझ्यासाठी डिलीट’ केले की मालकाच्या फोनवरूनही जातात. मैत्रीण झोपलेली असताना हे सगळं घडलं आणि सकाळपर्यंत पुसलंही गेलं. कॉलच्या यादीतला माझा मिस्ड कॉल तेवढा पुसायचा राहिला.

व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुहेरी खात्रीचा, सहा आकडी पिन तिनं लावलेला होता. तो आवश्यक आहेच, ज्यांनी लावला नसेल त्यांनी लावावा. पण तो पिन विचारला जातो नंबर नव्या फोनवर नोंदवताना. उपकरण असं जोडलं जातं, तेव्हा तो आड येत नाही. जोडलेलं उपकरण आपणहून तुटतं ते मुख्य फोन १४ दिवस वापरात नसेल तरच. रोज गप्पा मारणाऱ्या माणसाच्या खात्यात चोर कितीही दिवस बसून राहू शकतो.

तेव्हा आत्ता, हे वाचताना, फोन हातात घ्या. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत आणि आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ असा पर्याय आहे. तिथे ओळखीचं नसलेलं काही दिसलं की त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. मैत्रिणीच्या फोनवर तिथे एक ब्राउझर दिसत होता. तिच्या घरात कॉम्प्युटरच नाही. आईवडिलांना किंवा मावशीला ही जागा फोनवर नुसती सांगू नका. पुढच्या भेटीत शेजारी बसून त्यांच्याच बोटांनी उघडायला लावा.

तक्रारीचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्यासारख्यांची खरी पंचाईत तिथे होते. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल आहे. २०२१ पासून बँका आणि पोलीस यांना जोडणारी यंत्रणा त्यामागे आहे. तक्रार वेळेत पोचली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते रोखून धरता येतात. उशीर झाला की ते भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकतात आणि शेवटी एटीएममधून निघून जातात. परदेशातून हे सगळं जुळवत बसण्यापेक्षा भारतातल्या नातेवाइकानं भारतीय नंबरवरून फोन करावा. त्याला व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि समोरचा खाते क्रमांक ताबडतोब लिहून पाठवा. आमच्याकडे मैत्रिणीच्या भाच्यानं तेच केलं. त्याच वेळी मी इथून बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक घेतला. मेसेजचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते म्हणून बरं. रागाच्या भरात संवाद डिलीट करू नका, तिकडे ते केव्हाच पुसलेले असतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना एफबीआयच्या आयसी-३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार देता येते. मी दिली आहे.

बँकेनं पैसे भरून देण्याला नकार दिला. अनधिकृत व्यवहारांबाबत ग्राहकाची जबाबदारी किती, याचे नियम रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. तिऱ्हाइताच्या घुसखोरीमुळे खात्यातून पैसे गेले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्यात ग्राहकाला संरक्षण मिळतं. पण बँकेचं म्हणणं असं, की हा व्यवहार तुम्ही स्वतः लॉग इन करून, स्वतःच्या ओटीपीनं केलेला आहे, म्हणजे तो अनधिकृत नाही. मनाला ते फार लागलं, पण बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं, हे माहीत असलेलं बरं. आरटीजीएस आणि एनईएफटी या बँकांच्या दुसऱ्या दोन पद्धतींनी पैसे पाठवताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. चांगली सोय आहे. पण खातं ‘मुलाच्या मित्राचं’ म्हणूनच दिलेलं असेल, तर नाव जुळूनही काही कळत नाही. मैत्रिणीसाठीचे पैसे मैत्रिणीच्याच नावच्या खात्यात जाणार नसतील, तर तिथेच हात आवरायचा.

आणखी एक सापळा पुढे असतो. आमच्या तक्रारीची गोष्ट मी एका सार्वजनिक फेसबुक ग्रुपवर लिहिली आणि लगेच ‘सायबर सेल अधिकारी’ असं स्वतःला म्हणवणाऱ्याचा मेसेज आला. तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा. १९३० वर तक्रार करायला किंवा अडकवलेले पैसे सोडवायला पोलीस असलं शुल्क मागत नाहीत. एकदा पोळलेला माणूस पैसे परत मिळण्याच्या आशेवर असतो, हे या टोळ्यांना पक्कं माहीत आहे.

पैशांपेक्षा जास्त वाईट मला वाटलं ते ग्रुपवर पुढे जे झालं त्याचं. ‘कुठल्याही लिंकवर बोट लावतेसच कशाला’, ‘तुझ्यामुळे तिचे पैसे गेले’, असं चारचौघांत तिला बोललं गेलं. ती ग्रुप सोडून गेली. मला हे अजिबात मान्य नाही. तिला फसवणाऱ्या चोरानं आधी दुसऱ्या एकाला फसवलं होतं आणि त्याच्या तोंडून तो तिच्याशी बोलला. लोकांना अशी लाज वाटायला लागली की पुढचा माणूस आपलं खातं गेल्याचं सांगणारच नाही, आणि तेवढ्या वेळात आणखी चार घरं लुटली जातील. मी तसं ग्रुपवर लिहिलं, ज्यांनी बोल लावले त्यांना फोन केले, आणि दोघांनी तिच्या घरी जाऊन तिची समजूत काढली. आता ती परत आली आहे.

आमच्यात आता एक रीत ठरली आहे. पैशांचा निरोप ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं खात्री करायची नाही. व्हॉट्सॲपवर आला तर घरच्या दुसऱ्या माणसाला साध्या फोनवर विचारायचं, मग तिकडे मध्यरात्र असो. झोपमोड झाली म्हणून कुणी रागावणार नाही, हे सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवलं आहे. नुसत्या व्हॉइस मेसेजवरही विश्वास टाकायचा नाही, कारण थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणारी साधनं आता सहज मिळतात. आणि कुणी मिळेनासंच झालं तर असं काही विचारायचं जे फोनवर कधीच लिहिलं गेलेलं नाही. चौथीत आपण दोघी कुणाच्या शेजारी बसायचो, बाईंनी वर्गाबाहेर कशासाठी उभं केलं होतं. वाचून मिळवलेल्या माहितीवर याचं उत्तर देता येत नाही. ‘कुणाला सांगू नकोस’ असं लिहून आलं की मात्र सर्वांत आधी कुणाला तरी सांगायचंच.

माझ्या पन्नास हजारांपैकी काही रक्कम दुसऱ्या एका खात्यात अडकवून ठेवलेली आहे. ती सोडवण्याचं प्रकरण न्यायालयात आहे. कागदपत्रं भाच्यानं दिली आहेत, तारीख लागायची आहे.