सबल की दुर्बल? ‘सँग’ आणि ‘हेल्प्ड’ची तुलना

शाळेत ‘सिंग, सँग, संग’ घोकताना वैताग यायचा. पण हे क्रियापद खरं तर स्वावलंबी आहे. भूतकाळ करायला बाहेरून काही जोडून घेत नाही, पोटातला स्वर बदलला की झालं. जर्मनमध्ये ‘सिंगेन’चं ‘झांग’, डचमध्ये ‘झिंगेन’चं ‘झोंग’. म्हणूनच परीकथावाल्या याकोब ग्रिमने या क्रियापदांना सबल म्हटलं. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांत स्वर असाच हलतो, फक्त काम वेगळं.

दुर्बल क्रियापदाला मात्र शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ची कुबडी लागते: ‘लव्ह’चं ‘लव्ह्ड’, जर्मन ‘लीबेन’चं ‘लीप्टे’. आणि गंमत म्हणजे राज्य याच दुर्बलांचं. नवं क्रियापद आलं की ते बहुतेक इकडेच जातं. ‘गूगल’चं ‘गूगल्ड’ झालं, ‘गोगल’ नाही.

‘हेल्प’ पूर्वी सबल होतं, त्याचं एक रूप होतं ‘होल्प’. इंग्रजीने ते टाकून ‘हेल्प्ड’ घेतलं, जर्मनने मात्र ‘हाल्फ’ सोडलं नाही. उलटा प्रवास क्वचितच. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘डिग्ड’ आहे, आज सगळे ‘डग’ म्हणतात.

नुसता स्वर बदलला म्हणून फसू नका. ‘कीप-केप्ट’ आणि ‘थिंक-थॉट’ दिसायला सबल, पण शेवटचा ‘ट’ बघा: दोन्ही दुर्बलच. पाठांतराला सोपी दुर्बलच, पण कानाला मला ‘सँग’च गोड लागतं.