पेट्रोलवरचं पाण्याचं इंजिन: दहा महिने दोरी ओढून झाल्यावर

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला आमची पाऊण एकर मिरची आहे. थ्री-फेज कधी रात्री दीडला येते, कधी येतच नाही. म्हणून जानेवारीत दोन इंची पंप जोडलेलं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं, १६० सीसीच्या आसपासचं, दोरी ओढून चालू करायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढचं बरंचसं या जातीच्या बहुतेक इंजिनांना लागू पडेल.

पाण्याबद्दल तक्रार नाही. तासाला साधारण सव्वा लिटर पेट्रोल पितं, सऱ्या भरतात. मे संपेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू व्हायचं. आवाज मात्र एवढा की बांधावर फोन घेता येत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला, नदी चढायच्या आत इंजिन घरी आणलं आणि गोठ्यात पोत्याखाली ठेवलं. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. खंडेनवमीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि दोरी ओढली. काही नाही. चाळीस वेळा ओढली असेल. खांदा गेला, हारही तुटला.

इथे मी पहिली चूक केली. ठिणगी देणारा स्पार्क प्लग नवा आणून बसवला. खरं तर जुना काढल्यावर नुसता नीट बघायला हवा होता. इतक्या ओढीनंतरही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण एकतर ठिणगी नाही किंवा चोक ओढून ओढून इंजिन पेट्रोलने भरलंय. माझा कोरडा ठणठणीत होता. प्लगचे पैसे फुकट.

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. तळाला पाण्याचा थेंब, कडेला पिवळट चिकट थर. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गोठ्यात चार महिने पावसाळी हवा, आणखी काय होणार? गंमत अशी की आपल्याच जिल्ह्यातला ऊस गाळून इथेनॉल होतं आणि ते आपल्याच जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीत, येऊन बसतं. बारीक जेट पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फुंकून घेतला. तार घालू नका, भोक मोठं झालं तर पेट्रोलचं माप बिघडतं. टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल भरलं. अंगणात तिसऱ्या ओढीला सुरू.

नदीवर नेलं, पुन्हा मेलं.

आता मात्र डोकं फिरलं. प्लग काढला तर ओला. वायरच्या कॅपला लावून सिलिंडरच्या धातूला टेकवला आणि दोरी ओढली (भोकातून उडालेलं पेट्रोल पुसून, प्लग भोकापासून लांब धरून), तर ठिणगीच नाही. घरी होती, इथे नाही! संकेश्वरच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. ते म्हणाले, "मोदल आइल नोड्री." आधी ऑइल बघा. मी म्हटलं, "अण्णा, ऑइल आहे की, दिसतंय." त्यांनी विचारलं, "इंजिन कसं ठेवलंय? वाकडं?"

वाकडंच होतं. उन्हाळ्यात ज्या सपाट जागेवर इंजिन बसायचं, ती पुराने खाल्ली होती आणि तिथे गाळाचा उतार राहिला होता. या इंजिनात ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. इंजिन कललं तर ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं ऑइल संपलं, आणि तो ठिणगी देणाऱ्या कॉइलचा करंट इंजिनाच्या धातूत उतरवून (अर्थिंग करून) टाकतो. त्यात माझं ऑइलही दोन बोटं कमी होतं. सपाटीवर ते ऑइल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत दिसायला हवं.

फावड्याने जागा सपाट केली, ऑइल भरलं. प्लग पुसून बसवला, चोक न लावता दोन ओढी, आणि सुरू. सेन्सरची वायर काढून चालवायचा सल्ला बांधावर तिघांनी दिला. तपासायला क्षणभर काढा, कायमची नको. ऑइलविना इंजिन जाम झालं तर दुरुस्तीपेक्षा नवं परवडेल.

घ्यावं का? लाइटचा भरवसा नसेल आणि शेत नदीला लागून असेल तर घ्या. पाणी खोल असेल तर नको, सात मीटरच्या खालून हा पंप पाणी उचलत नाही. मी आता शेवटच्या पाळीनंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, वाटी कोरडी होते. काठावर जुन्या फरशीचे चार तुकडे बसवलेत. जुलैत नदी ते नेणारच, दसऱ्याला परत बसवायचे.