पेट्यांची वायरिंग बदलताना : तांबं गेलं, अल्युमिनियम आलं

साउंडच्या धंद्यात असाल आणि सीझनच्या तोंडावर कोणी म्हणालं, "स्पीकरच्या पेट्यांची सगळी वायरिंग नवी करून देतो, जुनी वायर तेवढी आमच्याकडे राहू द्या," तर आधी ती जुनी वायर पोत्यात भरून घरी न्या, मग पुढचं बोला. माझ्या आठ बेस (जाड आवाजाच्या पेट्या) आणि चार टॉपमध्ये (बारीक आवाजाच्या) याच बोलीवर दोन्हीकडून कात्री लागली.

काम करायला झालंच होतं. वायर जुनी, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, पेट्या दुपारभर टेम्पोत उन्हात उभ्या, कोणतं इन्सुलेशन टिकणार? आखाजीआधी (अक्षय तृतीयेआधी) हात मोकळा करावा म्हणून जळगाव जिल्ह्यातल्याच एका दुकानात काम दिलं. नाव घेत नाही. वायर दाखवली ती पारदर्शक कव्हरमधली, लालसर, लखलखीत. "अडीच एमएम, ऑक्सिजन फ्री, प्युअर कॉपर आहे भाऊ." वायरचं एमएम म्हणजे सगळ्या तारांचं मिळून चौरस मिलिमीटरचं माप. शंका नको म्हणून गल्ल्यातून लोहचुंबक काढून वायरला लावलं. "बघा, चिकटतंय का?"

नाहीच चिकटणार. चुंबक तांब्याला चिकटत नाही, तसं अल्युमिनियमलाही चिकटत नाही. त्या परीक्षेत सापडतं फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड. पण गिऱ्हाइकासमोर चुंबक फिरवलं की त्याचं समाधान होतं, आणि दुकानदाराला तेवढंच हवं असतं. ऑक्सिजन फ्रीचं म्हणाल तर ते खरं असलं तरी साध्या चांगल्या तांब्यात आणि त्यात कानाला कळेल असा फरक नसतो.

त्याच बंडलातून पेट्यांच्या आतली वायर बदलली आणि मशीनपासून (अ‍ॅम्प्लिफायरपासून) पेट्यांपर्यंतच्या लांब लाइनीही बनवून घेतल्या. आवाज आधीपेक्षा फुसका वाटत होता. पोरं मशीन चढवत राहिली. पारोळ्याकडच्या एका हळदीत डावीकडचा बेस मध्येच जायचा, पेटीला थाप मारली की यायचा. त्याच रात्री मशीन क्लिप होऊन, म्हणजे झेपेल त्याच्या वर चढून आवाज फाटून, टॉपचे दोन ड्रायव्हर (बारीक आवाजाचे स्पीकर) जळाले. हा खर्च वेगळाच.

सकाळी पेटी उघडली. कनेक्टरच्या स्क्रूखाली वायर सैल. बोटाने दोनदा वाकवली तर अर्ध्या तारा कटकन तुटल्या. एक तार ब्लेडने खरवडली, आत पांढरी. आमच्या भंगारवाल्याला तुकडा दाखवला. त्याने लायटर लावला, टोकाचा मणी होऊन गळून पडला. म्हणाला, "हाई तांबं नई शे भाऊ, जर्मन शे. वरतून कलर." जर्मन म्हणजे अल्युमिनियम.

कलर नाही, तांब्याचा पातळ मुलामा असतो. बाजारात याला सीसीए, म्हणजे कॉपर क्लॅड अल्युमिनियम म्हणतात. सीसीए आहे असं सांगून विकलं तर वेगळं, ते तांबं म्हणून विकणं ही फसवणूक. अल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं आणि पकड सुटते. मुलामा खरवडला गेला की हवेने वर थर धरतो, तिथे सोल्डरही नीट बसत नाही. घरातल्या छोट्या स्पीकरला हे चालून जाईल. बेसच्या पेटीत रात्रभर हादरे बसतात, तिथे नाही.

पण मला आकडा हवा होता. जळगावात सराफ बाजारात एक ओळखीचे आहेत, त्यांच्या काट्यावर एक मीटर वायर सोलून, नुसत्या तारा ठेवल्या. अडीच एमएम तांबं मीटरला साधारण 22 ग्रॅम भरतं. तेवढ्याच जाडीचं सीसीए आठ-नऊ ग्रॅम. आमचं भरलं साडेपाच. म्हणजे धातूही खोटा आणि जाडीही दीडच एमएमची, वरचं प्लास्टिक जाड करून अडीचचं दाखवलेलं.

याने नुकसान किती? 30 मीटरची लाइन म्हणजे जाऊन-येऊन 60 मीटर. खऱ्या अडीच एमएम तांब्यात तिचा अडथळा अर्ध्या ओहमच्या आत राहतो. आमच्या वायरीत तो एक ओहमच्या आसपास. दोन बेस समांतर जोडून 4 ओहमचा लोड असला, तर त्या लोडवर मशीन जेवढी पॉवर देते त्यातली पेटीपर्यंत साठ-पासष्ट टक्केच पोचते. शिवाय कोनवरची (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरची) मशीनची पकड जाते आणि बेस थुलथुलीत होतो. मशीन का चढवावी लागत होती ते इथे कळलं.

दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "बिल कुठंय?" हातात होती कच्ची चिठ्ठी: "वायर, फिटिंग सहित." कंपनी नाही, माप नाही, मीटर नाही. बरीच बाचाबाची झाल्यावर वायरचे निम्मे पैसे परत मिळाले. जुनी वायर मागितली तर म्हणे ती केव्हाच भंगारात गेली. आता यात गोम अशी आहे की तांब्याला भंगारात अल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त भाव आहे. बारा पेट्यांतलं आणि जुन्या लाइनीतलं तांबं त्याला फुकटात मिळालं. स्वस्त फिटिंग परवडतं ते असं.

परत वायर घेताना मी घरफिटिंगचीच आयएसआय मार्कवाली लवचीक तांब्याची वायर घेतली. पूर्वी आपण 40/76, 70/76 असं मागायचो, पहिला आकडा तारांचा, दुसरा एका तारेच्या जाडीचा. आता अडीच एमएमला बहुतेक 36 तारा, प्रत्येक 0.3 मिलिमीटरची. मोजायला पाच मिनिटं लागतात. 90 मीटरच्या अडीच एमएम बंडलात नुसतं तांबंच दोन किलो असतं, त्यामुळे बंडल हातात घेतल्यावरच बरंचसं कळतं. पाकिटावरचा सीएम/एल (आयएसआय लायसन्सचा) नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं ते दिसतं.

आणि पेटीच्या आत चार किंवा सहा एमएम घाला म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. आत वायर असते दोन-तीन फूट. ड्रायव्हरला दीड आणि बेसला अडीच, खरं तांबं असलं की पुष्कळ झालं. पैसा घालायचा तो लांब लाइनीत, तिथे चार एमएम घेतली तर फरक दिसतो.

बिलावर "कॉपर, 2.5 चौरस मिमी, इतके मीटर" असं लिहून घ्या. पक्कं बिल असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 'कॉपर' हा शब्द लिहायला दुकानदार का-कू करू लागला तर बंडल तिथेच ठेवून उठा.