बंद पडलेली चार्जिंगची टॉर्च आणि भद्रकालीतला चाचा

दुकानाला पाटीच नाही, त्यामुळे नाव काय सांगू? नाशिकच्या भद्रकालीतून दूध बाजाराकडे जाताना चावीवाल्याच्या शेजारी एक अरुंद गाळा आहे. बाहेर जुने मिक्सर लटकलेले, आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. सगळे त्याला चाचा म्हणतात.

आमचा मळा दिंडोरीकडे. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की कांद्याला पाणी भरायला अंधारात जावं लागतं, आणि शेजारच्या उसात बिबट्या दिसलेला. त्यामुळे टॉर्च ही आमच्याकडे चैन नाही. होती ती नेहमीची: पुढे मोठा एलईडी, बाजूला पांढरी पट्टी, मागे भिंतीत खोचायच्या दोन पिना. रात्रभर चार्जिंगला लावली तरी पाच मिनिटांत मान टाकायची. जिथून घेतली त्या दुकानदाराने हातात न घेताच सांगितलं, "ताई, ह्या रिपेअर होत नाहीत. नवीन न्या, साडेतीनशे."

चाचाने आधी स्टिकरखाली लपलेला स्क्रू शोधला. झाकण निघाल्यावर मला म्हणाला, "बघा, पण घरी पिन लावून कधी उघडू नका." आत ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक कपॅसिटर 230 व्होल्टचा करंट अडवून थोडाथोडा पुढे सोडतो, एवढंच. म्हणजे पिना बोर्डात असताना आतली कुठलीही तार झटका देऊ शकते. घरात उचापती पोरं असतील त्यांनी हे लक्षात ठेवा.

मग मीटर लावला. 4 व्होल्टची शिशाची बॅटरी दोनच्याही खाली, पोट फुगलेलं. ही बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही. लाल दिवा मात्र इमानदारीत लागतो, म्हणून आपल्याला वाटतं चार्जिंग चाललंय.

मी म्हटलं, लॅपटॉपमधले लिथियम सेल टाकतात म्हणे, तसला टाका. तर म्हणाला, ह्या सर्किटवर नाही टाकणार. लिथियमचा सेल 4.2 व्होल्टला भरला की चार्जिंग थांबलं पाहिजे. हे सर्किट थांबतच नाही, ढकलत राहतं. सेल तापतो, फुगतो, पेटूही शकतो. त्यामुळे त्याने मागच्या पिना आणि जुनं सर्किट काढूनच टाकलं, लिथियमसाठीचा बोटभर निळा चार्जिंग बोर्ड बसवला आणि टाइप-सीचं तोंड बाहेर काढलं. आता मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते, मळ्यात पॉवर बँकेवरही. जुना सेल स्वस्तात होता, तरी "रात्रीचं रानात जायचं ना, मग नवाच घ्या" असं त्यानेच सांगितलं. हे मला आवडलं.

बाजूच्या पट्टीची एक तार तुटलेली होती. ती जोडण्याऐवजी त्याने पट्टीच वेगळी काढली, तिला रेझिस्टन्स आणि जुन्या मोबाइल चार्जरची वायर जोडून दिली. आमच्या ह्यांनी ती पीव्हीसी पाइपच्या फाळक्यावर बसवून गोठ्यात दावणीच्या वर ठोकलीय. धार काढताना पुरेसा उजेड पडतो.

सगळे मिळून 280 रुपये. सत्तर रुपयांसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं सासूबाई म्हणाल्याच. पण नव्या टॉर्चमध्येही तीच शिशाची बॅटरी आणि तेच सर्किट. पुढच्या पावसाळ्यात परत साडेतीनशे.

आता खोड्या. फिनिशिंगच्या नावाने शंख आहे. टाइप-सीच्या भोवती हॉट ग्लूचा ढेकूळ आहे आणि पाणी आत जाईल म्हणून आम्ही वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. लांबचा झोत पहिल्यापेक्षा किंचित कमी वाटतो. बिल मिळत नाही, गॅरंटी तोंडी. आणि चाचाचा "उद्या या" हा उद्या कधीच नसतो, तेव्हा फोन करून मगच बस धरा. घासाघीस केली की तो वस्तू सरळ परत सरकवतो.

जुनी शिशाची बॅटरी त्याच्याकडेच ठेवा, भंगारात जाते. घंटागाडीत टाकू नका. फुगलेला लिथियम सेल असलेलं काही नेलं तर तो हात लावत नाही. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. गाडी शालिमारकडेच कुठेतरी लावून चालत या, त्या गल्लीत स्कूटरसुद्धा वळत नाही.